पाहुण्यांच्या खोलीची किल्ली

आमच्या आत्याला पाहुण्यांचा लई नाद. सोलापुरात तिचा छोटासा ब्लॉक. मुलगी करमाळ्याला दिलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. अक्कलकोटला दर्शनाला येणाऱ्यांना ती मागची खोली राहायला द्यायची. चार पैसे मिळायचे, पण खरं सांगू का, तिला बोलायला माणूस मिळायचं. परक्या पोरांना गरम भाकरी वाढताना तिचा चेहरा असा खुलायचा की मला, सख्ख्या भाचीला, हेवा वाटायचा.

बिल्डिंगला मात्र हे खुपायचं. आमच्याकडं नळ रोज येत नाही, आणि टाकी सगळ्यांची एकच. पाहुणे आपले शॉवर सोडून निवांत उभे. वर जिना दणाणवायचे, आणि नेमके खालच्या घरातले काका रात्रपाळी करून दुपारी झोपलेले. एकदा खालच्या काकू तणतणत वर आल्या. "अक्का, हे घर हाय का लॉज? अजून एक तक्रार झाली की खोली बंद. सगळ्यांचं ठरलंय." आत्या त्या दिवशी जेवली नाही.

माझं डोकं तापलं. मी नियमांची भली मोठी पाटी रंगवली. आत्यानं ती आडवी टाकून तिच्यावर पापड वाळत घातले. "पाट्या वाचून कोण शहाणं झालंय का गं?" म्हणाली, आणि खोलीची किल्ली घेऊन थेट काकूंकडं गेली. "माझे गुडघे दुखतात बाई. पावणे आले की किल्ली तुमीच देत जावा."

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय. मी आत्याशी दोन दिवस धड बोलले नाही.

पुढचे पाहुणे म्हणजे नागपूरची कॉलेजची पोरं. आता भांडण पेटणार म्हणून मी जिन्यात उभी. पण दारात आलेल्याला चहा न देता पाठवणं काकूंना कुठलं जमायला? पोरं आत बसली. शेजारीच काका तोंडावर चादर घेऊन झोपलेले. काकू कुजबुजत बोलल्या, मग पोरंही कुजबुजली. "माणशी एक बादली. नळ परत कधी येईल ते नळालाच ठाऊक," असं त्यांनी सांगितलं. पोरं वर आली ती चपला हातात घेऊन, अनवाणी. मला हसूच आलं. माझ्या पाटीवर 'आवाज करू नये' लाल अक्षरात होतं, पण झोपलेले काका त्यात कुठं होते?

यंदा आत्याचे गुडघे खरोखरच बसले. भाकऱ्या थापायला उभं राहवेना. ती खाली गेली, मी सोबत. "किल्ली द्या, खोली बंद करते. तुमचाबी त्रास मिटंल."

काकूंनी किल्ली कमरेला आणखी घट्ट खोचली. "बंद करणाऱ्या तुमी कोण? नागपूरची पोरं परत येनार हायेत, मी शब्द दिलाय. भाकऱ्या मी टाकते. तुमी नुसतं बसून बोला की त्यांच्याशी."

किल्लीसाठी पुढं केलेला आत्याचा हात तसाच पदराकडं गेला, आणि पदर डोळ्यांकडं.