सूचक म्हणून माझी सही

अकोल्याच्या जुन्या शहरात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी सभा होती. सतरंज्या बाबांनी अंथरल्या होत्या. भाऊसाहेबांच्या सभेला कायम तेच अंथरायचे. गुडघे दुखत होते म्हणून बाबा कडेला जरा टेकले. भाऊसाहेब आमचे नगरसेवक. हातात माइक असतानाच म्हणाले, "तुले अंथराले ठेवलं, बसाले नाही. ऊठ."

लोक हसले. बाबाही हसले. ते हसणं मला अजून सहन होत नाही.

मी तेव्हा नांदगाव पेठेच्या कारखान्यात शर्टाच्या कॉलर शिवायचे, अमरावतीत खोली करून राहायचे. सुट्टीवर घरी आले होते. उठून बाबांचा हात धरायला हवा होता. नाही धरला. मान खाली घालून बसले.

आई म्हणायची, आपल्यावर भाऊसाहेबांचा हात आहे. हात होता. आणि दर पावसाळ्यात नालीचं पाणी चुलीपर्यंत यायचं. गल्लीनं एकदा चिडून समोरच्या पक्षाला मतं द्यायचं ठरवलं. तोवर भाऊसाहेबच त्या पक्षात गेले. बाबा तिथंही सतरंज्या अंथरू लागले.

शेजारच्या शमीमआपा ब्लाउज शिवायच्या. नालीसाठी महापालिकेत खेटे घालायच्या. एकदा मी सुट्टीवर असताना मला सोबत नेलं. बाबूनं अर्ज बाजूला सरकवला. आपा शांतपणे म्हणाल्या, "मेहरबानी मागाले नाही आली मी. पोच द्या." त्यानं शिक्का मारून दिला. हात न जोडता कोणी हक्काचं मागताना मी पहिल्यांदा पाहिलं.

निवडणूक लागली. आपा तिसऱ्याच एका लहान पक्षाकडून उभ्या राहिल्या. फॉर्मवर सूचक म्हणून प्रभागातल्या मतदाराची सही लागते. कोणी करेना. मत वाया जाईल म्हणायचे. खरं म्हणजे भ्यायचे. माझं नाव अजून गल्लीच्याच मतदार यादीत होतं. मी केली.

भाऊसाहेबांनी बाबांना बोलावून घेतलं. बाबा परतले ते दारातच थांबले.

"बाई, सही मागं घे. मी कोणत्या तोंडानं जाऊ त्याईच्यापुढं?"

"बाबा, त्यानं तुमाले सगळ्यांसमोर उठवलं."

"मले उठवलं. तुले कावून लागलं?"

मी रडले. पण सही मागं घेतली नाही.

आपा पडल्या. मतं इतकी कमी की गल्लीतल्या सगळ्यांनीही दिली नव्हती. भाऊसाहेब निवडून आले. बाबांना त्यांनी पुन्हा बोलावणं धाडलं नाही. बाबा दिवसभर ओट्यावर बसून राहायचे, रस्त्याकडे बघत. मी सुट्टीवर आले तरी माझ्याशी सरळ बोलायचे नाहीत. आईला म्हणायचे, तिले सांग जेवून घे म्हणा. तसेच गेले. मयतीला भाऊसाहेब आले नाहीत. चार खांद्यांत एक आपांच्या मुलाचा होता.

नातेवाईक म्हणतात, पोरीनं बापाचा आधार तोडला. असेल. ते दुःख माझं आहे, कोणावर ढकलत नाही. पण त्या सहीचा पस्तावा मला नाही.

माणूस मत देतो आणि पाच वर्षं हात जोडून उभा राहतो. हे मी बाबांच्या आयुष्यात पाहिलं. माझ्या आयुष्यात होऊ देणार नाही.

आपा आता थकल्यात. पुढचा फॉर्म मी भरणार आहे, त्याच पक्षाकडून. पडेन, हे मला माहीत आहे. पडले तर त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा भरेन.