इंदूआत्याची मांजरं आणि आम्ही

इंदूआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी वडाळ्याला घरी मेथी निवडत बसले होते. फोन लालबागच्या चाळीतल्या शेजारीण मंदाताईंचा. "शैला, आत्या गेल्या गं," असं म्हणून त्या जरा थांबल्या आणि मग म्हणाल्या, "मांजरांचं काय करायचं?" मला रडू यायला हवं होतं, पण राग आला. गेली ती गेली, आणि मागे पहिला प्रश्न ठेवला तोही मांजरांचाच... दुपारी चाळीत पोचले तर जिन्याखालच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं होतं, 'अत्यंत शांत व प्रेमळ स्वभावाच्या'. त्यातल्या प्रेमळबद्दल ज्याचं त्यानं ठरवावं. शांत हा शब्द मात्र खरा आहे. त्या शांततेत मी वाढले, म्हणून हे लिहिते आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं असा रिवाज आहे, पण तिला जाऊन महिना झाला तरी माझा राग उतरलेला नाही आणि उतरल्याचं सोंग मला जमणार नाही.

आत्या माझ्या वडिलांची मोठी बहीण. लग्नानंतर चार-पाच वर्षांतच तिचे यजमान वारले, मूलबाळ नव्हतं, आणि चाळीतली ती दुसऱ्या मजल्यावरची एकुलती एक खोली तिच्या नावावर राहिली. गिरणीत ती वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात, बाबा त्याच गिरणीत लूमवर, कापडाच्या मागावर. गावाहून आल्यापासून बाबा तिच्याकडेच राहिले, मग आई आली, मग मी आणि माझा धाकटा भाऊ सुरेश. खोली माझी आहे असं आत्या तोंडानं कधी म्हणाली नाही. म्हणायची गरजच नव्हती. वीस वर्षं मशीनच्या खडखडाटात उभं राहून ती ओठांवरून बोलणं ओळखायला आणि नुसते ओठ हलवून बोलायला शिकली होती, त्यामुळे घरी ती इतकं हळू बोलायची की तिचं ऐकायचं तर आपण उठून तिच्याजवळ जायचं. ती आपल्याजवळ आली असं सहसा व्हायचं नाही.

संप सुरू झाला आणि गिरणीचं फाटक बंद झालं, तेव्हा मी नववीत होते. कापसाच्या गोदामात उंदरांसाठी मांजरं पाळलेली असत. कामगारांच्या डब्यातलं उरलंसुरलं खाऊन ती जगत. कामगारच बाहेर, तर त्यांना कोण घालणार? आत्या गेटसभेला जायची तेव्हा फाटकाच्या फटीतून तिला ती दिसायची. दोनेक महिन्यांनी एका सकाळी ती गोणपाटाची पिशवी घेऊन आली, आणि पिशवी हलत होती. त्या आठवड्यात वॉचमनला गळ घालून तिनं रोज एक अशी पाच मांजरं घरी आणली. पाच माणसं, पाच मांजरं, एक खोली. आईनं विचारलं, "वन्सं, आपलंच भागत नाही, यांना काय घालायचं?" आत्या म्हणाली, "कोळणीकडे माशांची डोकी फुकट मिळतात." बस. तिच्या बाजूनं विषय संपला.

सुरुवातीचे दिवस भयंकर होते. ती पाचही मांजरं मोठ्या गोदामात आपापला कोपरा धरून वाढलेली, आणि इथं पाय ठेवायला जागा नाही. काळा बोका सगळ्यांच्या अंगावर जायचा. एका भुऱ्या मांजरीचा कान फाटला. गाद्यांना मुताचा वास, सुरेशच्या हातावर ओरखडे. आई म्हणाली, सोडून या. बाबाही म्हणाले. आत्या संपावर होती, दिवसभर रिकामीच होती. ती मोरीजवळ पाट टाकून बसली आणि मांजरांकडे बघत राहिली. आठवडाभर नुसती बघत होती. मग म्हणाली, "भांडणं खायच्या वेळी होतात आणि दाराशी होतात. बाकी वेळी ती भांडत नाहीत, भितात."

त्यानंतर तिनं जे केलं, ते आज कुणी पाहिलं असतं तर तिचं कौतुक छापून आलं असतं. भायखळ्याच्या बाजारातून तिनं फळांची लाकडी खोकी डोक्यावरून आणली आणि एका अख्ख्या भिंतीवर चढत्या क्रमानं ठोकली, म्हणजे एकाला दुसऱ्याच्या समोरून न जाता वर जाता यावं. प्रत्येक खोक्याला दोन्हीकडून वाट ठेवली. "कोंडीत सापडला की नख्या काढतो," म्हणायची. पाच ताटल्या पाच ठिकाणी, एकाला खाताना दुसरा दिसणार नाही अशा. तेलाचे पत्र्याचे डबे कापून त्यात वाळू घातली आणि ते गॅलरीत, मोरीत, पलंगाखाली ठेवले. काळ्या बोक्याला दहा दिवस लुगड्याच्या पडद्याआड ठेवलं. एका फडक्यानं त्याचं अंग पुसून ते फडकं भुरीच्या खोक्यात घालायचं आणि भुरीचं त्याच्याकडे. एकमेकांचा वास ओळखीचा झाला की मग तोंडं दाखवायची. आणि सगळ्यात मोठा नियम आमच्यासाठी होता. घरात कुणी आवाज चढवायचा नाही. भांडं आपटायचं नाही, दार धाडकन लावायचं नाही, रेडिओ बंद. महिन्याभरात खरोखरच मांजरांची भांडणं थांबली. दुपारी पाचही जणं भिंतीवर पाच उंचींवर झोपलेली असायची. लोक बघायला यायचे.

आम्हांला बघायला कोणी आलं नाही. त्या भिंतीवर माझी पुस्तकांची फळी होती, ती गेली. आईनं घर चालवायला शिलाईमशीन घेतलं होतं, त्याच्या आवाजानं मांजरं बिथरतात म्हणून ते गॅलरीत गेलं. आई भर उन्हात डोक्यावर पदर घेऊन परकर शिवत बसायची आणि आत सावलीला मांजरं. मी जिन्यात बसून अभ्यास करायचे. दहावीचा निकाल लागला त्या दिवशी मी शाळेतून पळत आले, दोन-दोन पायऱ्या चढले आणि दारातूनच ओरडले, "पास झाले, फर्स्ट क्लास." भिंतीवरची मांजरं उड्या मारून पलंगाखाली गेली. आत्यानं मान वर केली, ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हळू गो." मी निकाल पुन्हा सांगितला, हळू. "बरा झाला," ती म्हणाली आणि वाकून पलंगाखाली बघू लागली.

त्याच्या आधीच ती गोष्ट घडून गेली होती, जिच्यासाठी मी तिला माफ केलेलं नाही. संप वर्षावर गेला. कुणी जाहीर केलं नाही, पण तो विरत चालला होता. गिरणीचं एक खातं सुरू झालं आणि काही जणांना बोलावणी आली, त्यात बाबा होते. दोन दिवस ते जेवले नाहीत. तिसऱ्या संध्याकाळी आत्यासमोर बसून म्हणाले, "अक्का, उद्या जातोय मी. पोरांची तोंडं बघवत नाहीत." आत्या संपात पहिल्या दिवसापासून होती. मोर्च्यात लाठी खाल्लेली तिची पाठ आम्ही शेकली होती. तिनं भुरीला मांडीवरून खाली ठेवलं आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "उद्या थय गेलस, तर माका भाऊ नाय."

बाबा गेले. ती त्यांच्याशी पुन्हा बोलली नाही.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. चाळीत किती घरांत त्या वर्षी भाऊ भावावर धावून गेला, बायका गॅलरीत येऊन एकमेकींचे वाभाडे काढायच्या, संपफोड्या म्हणून लोकांच्या दारावर कोळशानं लिहिलं जायचं. पण दिवाळीला त्यातले निम्मे पुन्हा एकमेकांच्या घरी फराळ खात होते. आमच्याकडे ती सोयच नव्हती. मांजरं होती ना... बाबांनी दोनदा, तीनदा बोलायचा प्रयत्न केला. एकदा त्यांचा आवाज जरा चढला तशी आत्यानं शांतपणे उठून बिथरलेल्या बोक्याला थोपटलं. बाबा गप्प झाले, ते झालेच. त्या दहा बाय बाराच्या खोलीत भाऊ-बहीण एकमेकांना न बघता कसे वावरायचे, हे मी तुम्हांला सांगू शकते. मांजरांसारखे. वाटा वेगळ्या, ताटं वेगळी, कुणाला खाताना कुणी दिसायचं नाही. मांजरांसाठी तिनं जी व्यवस्था लावली, तिच्यात आम्हांलाही बसवलं. मांजरांची भीती गेली. आमचं बोलणं गेलं. आणि ज्या गिरणीसाठी हे घडलं ती दोन वर्षांत कायमची बंदही पडली. आत्याबरोबर बाबाही घरी बसले, तिच्यासमोर.

पुढे बाबांच्या छातीच्या दुखण्यानं उचल खाल्ली. लूमवरचा कापूस आत बसलेला. ते खोकायला लागले की मांजरं खोक्यांतून बाहेर पडून कोपरे शोधायची. एके दिवशी आत्या आईला म्हणाली, "तेका गॅलरीत बरा वाटात. हवा आसा थय." बाबांची खाट गॅलरीत गेली. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि एका दुकानात हिशेबनीस होते. कामावरून आले आणि खाट बाहेर पाहिली, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी आत्याशी उलट बोलले. "मांजरांसाठी बाबांना बाहेर काढलंस?" बाबांनीच हात वर करून मला थांबवलं. "हवा लागते गं इथं," ते म्हणाले. ते खरं होतं की तिला वाचवत होते, मला आजही माहीत नाही.

इथं एक गोष्ट सांगितली नाही तर मी खोटी ठरेन. तो काळा बोका, जो आत्याखेरीज कुणाच्या हाती लागायचा नाही, तो बाबांच्या खाटेवर जाऊन त्यांच्या पायांशी झोपू लागला. खोकल्यालाही उठायचा नाही. दोन दिवसांनी आत्यानं त्याची ताटली खाटेजवळ आणून ठेवली. तिसऱ्या दिवसापासून ताटलीबरोबर बाबांचा चहाही तीच आणू लागली. कप खाली ठेवायचा, बाबांकडे बघायचं नाही, आत निघून जायचं. बाबा तो चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचे आणि कप उलटा करून ठेवायचे. हे महिनाभर चाललं. मंदाताई याला त्यांचं बोलणं म्हणतात. मी म्हणत नाही. बोलायला तोंड लागतं. एका दुपारी बाबा तिथंच गेले. आईनं जो हंबरडा फोडला त्यानं अख्खी चाळ गोळा झाली, मांजरं कुठल्या कुठे पळाली, आणि आत्या दाराच्या चौकटीत उभी होती. त्या दिवशी ती 'हळू' म्हणाली नाही. तिच्या बाजूनं मला सांगण्यासारखं एवढंच आहे.

तेराव्यानंतर आई आम्हांला घेऊन वडाळ्याला मामाकडे आली. आत्यानं थांबवलं नाही. नंतरची एवढी वर्षं ती त्या खोलीत मांजरांबरोबर राहिली. जुनी मेली, नवी आली, कुणी मोडक्या पायाचं पिल्लू दारात आणून ठेवलं की तेही राहिलं; तसल्याच एकीचं नाव लंगडी. मी वर्षातून एकदा गणपतीत जायचे, वीस मिनिटं बसायचे. शेवटची भेट झाली ती इस्पितळात. नाकात नळी, हात काडीसारखा. तिनं खुणेनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता... मी वाकले. "लंगडी दुसऱ्यांसमोर खात नाय," ती म्हणाली. "तिची ताटली मोरीकडे ठेव. आणि तिच्याकडे पाठ करून बस." मी म्हटलं, "आत्या, बाबांशी एक शब्द बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?" "तो बोलात म्हणान थांबलंय," ती म्हणाली. मी म्हटलं, "ते बोलायला आले होते की. आणि तू मोठी होतीस." "हो," ती म्हणाली आणि डोळे मिटले. चार दिवसांनी मंदाताईंचा फोन आला.

चाळ आता पाडायची आहे, खोली रिकामी करून द्यायची होती. मागे तीन मांजरं राहिली होती. सुरेश म्हणाला, "खाली सोडून दे, जगतील." त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी मी टोपली घेऊन गेले आणि रोज एक करून तिघांना वडाळ्याला आणलं. का, ते मला विचारू नका. माझ्या नवऱ्यानं विचारलं तेव्हाही सांगता आलं नाही. त्यानं बिचाऱ्यानं हॉलच्या भिंतीला आत्याच्याच खोलीतली तीन खोकी ठोकून दिली. दोघं दुसऱ्या दिवसापासून खायला लागले. लंगडी खाईना. कपाटाखाली शिरली ती बाहेर येईना. चमच्यानं दूध पाजलं तेवढंच. मी मोरीच्या दाराशी तिची ताटली ठेवायचे आणि पाठ करून बसायचे, सकाळ-संध्याकाळ, अर्धा अर्धा तास, आणि बसल्या बसल्या आत्याला मनातल्या मनात बोल लावायचे. आईच्या मशीनबद्दल, खाटेबद्दल, माझ्या निकालाबद्दल. काही सोडलं नाही.

अकराव्या दिवशी सकाळी मागे ताटली सरकल्याचा आवाज आला. मी मान वळवली नाही. लंगडी खात होती. तिचं चाटून झालं, ती परत कपाटाखाली गेली, तेव्हा मी उठले. नवऱ्याला सांगितलं, तो पेपरातून मान न काढता "चला, बरं झालं" म्हणाला. सुरेशला फोन लावला, तो कामात होता. या बातमीचं मोल कळणारं जगात एकच माणूस होतं. तिनं आनंद दाखवला नसता, एवढंच विचारलं असतं, "सगळा खाल्ल्यान?"

"अर्धं," मी ताटली उचलत म्हटलं. "अर्धं खाल्लंन, आत्या."