बिस्किटं ह्यांची, जखम माझी

आमची कुत्री म्हणजे मीच नालीतून उचलून आणलेलं पिल्लू. बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. त्या दिवशी गल्लीतल्या कुत्र्यांनी तिची मान धरली, तेव्हा मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होते. टोपलं फेकून मारलं तेव्हा कुठे त्यांनी तिला सोडलं. मानेवर दोन बारीक भोकं दिसत होती.

"हळद लावून दे, होते बरी," आमचे हे म्हणाले. ह्यांना रक्त बघवत नाही, म्हणून ह्यांच्या लेखी सगळ्या जखमा हळदीनं बऱ्या होतात. मी काही ऐकलं नाही. तिला ऑटोत घातलं आणि चांदूर बाजारच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी मानेवरचे केस भादरले, तर आणखी भोकं निघाली. एकात बोथट सळई घातली, ती बोटभर आत गेली.

"काकू, दात वरून एवढंसं भोक पाडते, पण आतून कातडं सोडवून ठेवते. घाण तिथंच बसते."

"मंग टाके घाला ना."

"शिवलं तर आत पू होईन. उघडीच राहू द्या. दोन्ही वेळ सलाइनच्या पाण्यानं धुवा, अन् माशी बसू देऊ नका. अळ्या पडल्या तर कठीण आहे." मग त्यांनी रेबीजची लस टोचली आणि आम्हाला घरी पाठवलं.

घरी कामाची वाटणी आपोआप झाली. ह्यांनी तिचं डोकं धरायचं नि बिस्किट चारायचं, मी सिरिंजनं भोकात पाणी मारायचं. ती कण्हायची आणि दात काढायची माझ्यावर. थोड्याच दिवसांत मी त्या पाण्याचं पातेलं घेऊन आले की ती दिवाणाखाली पळायला लागली. पुढे तर पातेलं नसलं तरी. संध्याकाळी ह्यांच्या पायाशी पडायची, मी जवळ बसले की उठून जायची. मला फार लागलं ते. भांडी जरा जोरातच आपटत होते मी तेव्हा.

"तुले काहून राग येऊन राहिला? मुकं जनावर आहे ते."

"उद्यापासून तुमी धुवा मंग. बिस्किटं माह्याकडे द्या."

ह्यांनी बिस्किटाचा पुडा खिशात घातला.

जखम मात्र झकास भरली. भोकं मिटली, केस उगवले, डॉक्टरांनी धुणं बंद करायला सांगितलं. कुत्री काही माझ्याकडे येईना.

परवा सकाळी कुत्रीबाई पुन्हा कुठंतरी भांडून आल्या. पुढचा पाय वर धरलेला, पंजावर दाताची खूण. हे ओट्यावर चहा पीत होते, त्यांनी लगेच बिस्किट पुढे केलं. तिनं ते हुंगलंसुद्धा नाही. लंगडत आत आली, चुलीपाशी माझ्यासमोर आडवी झाली आणि पंजा माझ्या पायावर ठेवला.

डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. तव्यावरची भाकर करपली. हे बिस्किट घेऊन दारात उभे होते.

"राहू द्या ते आता," मी म्हटलं. "सिरिंज आणा."