टीचरच्या आठ कॅसेटी

आमच्या घरात देवांच्या खालच्या फळीवर आठ कॅसेटी असायच्या आणि त्यांची रांग मोडायची मला परवानगी नव्हती. टीचर म्हणजे माझी बायको. टायपिंग शिकवायची, सगळी गल्ली टीचर म्हणायची, म्हणून मीही. आठही कॅसेटी एकाच विलायती बँडच्या. ब्लूज रॉक म्हणतात त्याला. पहिली तिच्या भावाने मद्रासहून आणली, बाकीच्या हिने हट्टाने जमवल्या. दारात कोलमची रांगोळी काढून झाली की ही तंजावरची बाई फिल्टर कॉफी पीत त्या गोऱ्यांचं रडगाणं लावून बसायची.

भोगीला, म्हणजे पोंगलच्या आदल्या दिवशी, घर झाडताना ती आठही खाली काढायची. एकेक ऐकायची आणि नव्याने नंबर लावायची. डावीकडे पहिला, उजवीकडे आठवा. मग मला समोर उभं करून निकाल सांगायची. "तिसरी पाचवी झाली. हात चालतात त्यांचे, जीव नाही त्यात."

मी पंपाच्या मोटरींचं वाइंडिंग करणारा, जळकी तार काढून नवी गुंडाळणारा. शाळा तमिळ, तीही पाचवीपर्यंत. मराठी अक्षरं वडिलांनी घरी शिकवली, इंग्रजी येत नाही. कॅसेटी मी रंगावरून ओळखायचो. हिरवी कायम पहिली. एकदा म्हणालो, "हा गाणारा बेअरिंग गेलेल्या पंपासारखा ओरडतो." ती म्हणाली, "अहो, म्हणूनच पहिला. धड चालणाऱ्या पंपाकडे तुम्ही तरी कधी कान देता?"

नंबर कुठे लिहून ठेव म्हटलं तर हसायची. "फळीवर दिसतंय की. दरवर्षी बदलणार, लिहून काय करू?"

शेवटी दवाखान्यात होती तेव्हा म्हणाली, "उद्या येताना निळी आणा, आणि टेप. वाटतं ती हिरवीच्या वर जाईल. एकदा ऐकल्याशिवाय नक्की सांगत नाही." मी चिडलो. "वॉर्डात माणसं मरायला टेकलीत, तुला गाणं सुचतंय?" ती म्हणाली, "तीही ऐकतील." मी नेली नाही. लोक काय म्हणतील, एवढंच डोक्यात. चौथ्या दिवशी ती गेली.

सुतक फिटलं तेव्हा रीतीप्रमाणे घर धुतलं. फळी मीच धुतली. कॅसेटी पिशवीत भरल्या, फळी वाळल्यावर परत लावायला गेलो आणि हात थांबला. हिरवी डावीकडे, करडी शेवटी, एवढं ठाऊक. मधल्या सहा कुठे होत्या? चाळीस वर्षं रोज समोर होत्या. देवाला हात जोडताना मी वरच बघत होतो, खाली कधी बघितलंच नाही.

मुलगा कोइमतूरहून आला होता. म्हणाला, "अप्पा, नेटवर लोकांनी यांचे नंबर लावलेत, वाचू?" त्यांनी करडी पहिली लावली होती. म्हटलं, बंद कर ते.

आता रोज सकाळी निळी लावतो, मग हिरवी. पुन्हा निळी. कोणती वर, तेवढं एक तरी तिच्यासाठी ठरवावं म्हणून कान देऊन बसतो. ती शेजारी असताना मला थोडाफार फरक कळायचा. आता नाही कळत. आठही एकसारख्या वाजतात.