जावयानं घेतलेलं नाव

आमच्या ह्यांचं नाव मी आयुष्यात क्वचितच घेतलं. लग्नात उखाण्यातून घेतलं, पुढं बँकेत आणि दवाखान्यात विचारलं म्हणून सांगितलं, तेही दबक्या आवाजात. बाकी सगळा संसार 'अहो'वर निभावला. त्यामुळं लेकीनं स्वीडनहून आणलेल्या त्या ताडमाड पोरानं नांदेडच्या आमच्या घरी पहिल्याच जेवणाला ह्यांना नुसत्या नावानं हाक मारली, तेव्हा माझ्या हातातला वरणाचा डाव तसाच थांबला.

मागं राव नाही, साहेब नाही, काही नाही. वरण छान झालंय, एवढंच त्याला सांगायचं होतं. पण ते सांगण्याआधी त्यानं डोळ्याला डोळा भिडवून, हसत नाव घेतलं. ह्यांनी ओ दिली नाही. ताटात हात धुतला, पायात चपला सरकवल्या आणि निघून गेले. पोरगं बिचारं माझ्याकडं बघत राहिलं. मी त्याला आणखी वरण वाढलं, दुसरं काय करणार?

हे एवढे का दुखावले ते मला ठाऊक होतं. ह्यांचं गाव इकडच्याच मुरुडजवळचं, समुद्राकाठच्या नव्हे. माझे सासरे तिथल्या मालकाच्या शेतावर राबायचे. ते पिकल्या केसांचे झाले तरी त्या मालकाच्या घरातली शेंबडी पोरं त्यांना नावानं हाक मारायची, आणि नावही धड नाही, मोडून टाकलेलं. चांगलं भारदस्त नाव, त्याचं शेपूट तेवढं शिल्लक ठेवलेलं. सासरे मात्र त्या पोरांना 'धनी' म्हणायचे. त्या हाका ऐकत हे शिकले, सरकारी नोकरीत इंजिनिअर झाले, आणि लोक साहेब म्हणायला लागले. ती ह्यांची कमाई होती. ती कमाई जावई होऊ घातलेल्या पोरानं एका घासासरशी उडवून लावली, असं ह्यांना वाटलं.

लेकीनं तेव्हाच नीट सांगितलं असतं तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण तीही बापाचीच लेक, नाकावर माशी बसू न देणारी. त्यानं काही चूक केली नाही, मग खुलासा कशाचा, म्हणाली आणि बॅग भरून गेली. झालं, बाप-लेकीचं बोलणं बंद. तिचा फोन आला की हे माझ्या हातात देऊन गॅलरीत कढीपत्त्याला पाणी घालायला जायचे. त्या दोन वर्षांत आमचा कढीपत्ता मात्र भलताच फोफावला.

मला दोघांचाही राग यायचा. राग गेला की रडू यायचं. मग मागच्या पावसाळ्यात लेकीनं फोनवर सांगून टाकलं, की लग्न नांदेडला, आपल्या पद्धतीनं करायची तिची इच्छा आहे, पण पप्पा मांडवात बसणार नसतील तर ते दोघं तिकडंच सही करून मोकळे होतील. आणि मग इकडं येण्यात काय राहिलं, असंही म्हणाली. ते माझ्या काळजाला लागलं. मी म्हटलं, आधी दोघं या. लग्नाचं नंतर बघू.

सकाळी अकराला येतो म्हणाले होते. आपल्याकडं अकरा म्हणजे जेवणाच्या आधी कधीतरी. मी निवांत कणीक मळत होते. मध्येच गॅलरीतून डोकावले तर दोघं खाली किराणा दुकानाच्या वळणावर चकरा मारत होते. मला वाटलं, धीर होईना की काय. नंतर कळलं, तिकडं दिलेल्या वेळेआधी बेल वाजवणं बरं दिसत नाही. अकराला बेल वाजली. माझे हात पिठात.

दार ह्यांनाच उघडावं लागलं. त्या पोरानं कुणी न सांगता बूट काढले, भिंतीकडेला नीट लावले, ह्यांच्यासमोर उभा राहिला आणि घोकून आणलेलं मराठी वाक्य म्हणाला, "मागच्या वेळेबद्दल आभार."

ह्यांचा चेहरा उतरला. माझ्याकडं वळून म्हणाले, "टोमना मारायलाय का ह्यो?"

खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. मागच्या वेळी अर्ध्या ताटावरून उठून गेलेल्या माणसाचे कुणी आभार मानतं का? लेक लगेच बोलायला लागली, पण बापाशी नाही. बोलत होती माझ्याशी, आवाज मात्र बापाला ऐकू जाईल एवढा. तिकडं कुणाच्या घरी जेवून आलं की पुढच्या भेटीत सगळ्यात आधी हेच म्हणायचं असतं. मागची भेट कशी का झाली असेना, आधी तिचे आभार, मग बाकीचं. तसं म्हटलं नाही तर लोक म्हणतात, ह्याला वळण नाही. विमानात हा हेच एक वाक्य घोकत होता.

हे खुर्चीत बसले. पेपर उचलला, वाचला नाही. मग मलाच म्हणाले, "इचार तिला. तिकडं सायबालाबी नावानंच हाक मारत्यात का?"

लेक हातभर अंतरावर उभी होती. तरी मी इमानेइतबारे विचारलं.

"हो," ती मला म्हणाली. "माझ्या बॉसला, मोठ्या डॉक्टरला, पंतप्रधानांनासुद्धा."

"आन् झाडूवाल्याला?"

"त्यालाही तसंच. आणि तोही बॉसला नावानंच हाक मारतो."

आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे पोराला कळलं असावं. त्यानं लेकीला काहीतरी विचारलं आणि मग सावकाश इंग्रजीत ह्यांना सांगू लागला. त्याची आजी तरुणपणी लोकांच्या घरी कामाला होती. मालकिणीला 'तुम्ही' म्हणायचीसुद्धा सोय नव्हती. तोंडावर बोलायचं तरी 'बाईसाहेबांना कॉफी हवी का?' असं, जणू बाईसाहेब दुसऱ्याच खोलीत आहेत. घरची माणसं तिला मात्र नावानं बोलवायची, हवं तसं. पुढं तिच्या डोळ्यांदेखत सगळा देशच एकमेकांना नावानं बोलवायला लागला. आजीनं पहिल्यांदा गावातल्या डॉक्टरला नावानं हाक मारली आणि घरी येऊन खूप हसली. नाव घेणं म्हणजे आपण एका पंगतीतले, हे त्याला आजीनं शिकवलं होतं.

ह्यांनी पेपरची घडी केली आणि थेट लेकीकडं बघून म्हणाले, "माय, इचार त्याला, चहा घेतो का कॉफी."

दोन वर्षांनी बाप लेकीशी बोलला, तोही चहा-कॉफीचं. मी स्वयंपाकघरात गेले आणि पिठाच्या हातानंच डोळे पुसले.

लग्न हिवाळ्यात ठरलं. आदल्या दिवशी लेकीनं अडचण काढली. तिकडं लग्नाच्या जेवणात नवरदेव उभा राहून सासू-सासऱ्यांचे नाव घेऊन आभार मानतो. त्याला ते इथंही करायचंय, पण ह्यांना काय म्हणायचं? साहेब की पप्पा? हे सुपारी कातरत होते. अडकित्ता खाली ठेवला.

"नावानंच म्हन म्हनावं," हे म्हणाले. "पन पुरं. माझं, माझ्या बाचं, आडनाव. येक अक्षर मोडायचं न्हाई."

मग दोघं गॅलरीत कढीपत्त्याशेजारी बसले. माझ्या सासऱ्यांच्या नावात ळ आहे, आणि तो ळ काही त्या पोराला सापडेना. हे तोंड उघडून जीभ कुठं लावायची ते दाखवत होते, पोरगं त्यांच्या तोंडात वाकून बघत होतं. शेजारणीला वाटलं, जावई दातांचा डॉक्टर आहे.

दुसऱ्या दिवशी वंदना झाली, हार घातले, पंगती बसल्या. गावाकडची माणसं आली होती. मालकाच्या घरातलाही एक जण आला होता, आता त्याचेही केस पिकलेले. जावई माईक घेऊन उभा राहिला. आधी 'जय भीम' म्हणाला, तर मंडपभर जय भीम उठलं. मग माझं नाव घेऊन जेवणाचे आभार मानले आणि मी पार लाजून गेले. मग तो थांबला, श्वास घेतला आणि ह्यांचं नाव घेतलं. सावकाश, पुरं. माझ्या सासऱ्यांच्या नावाला आल्यावर ळ जरा अडखळला, पण आला. ज्या नावाचं लोकांनी जन्मभर शेपूटच वापरलं, ते भरल्या मंडपात सगळ्या अक्षरांनिशी वाजलं.

हे पंगतीत वाढत होते. हातातली बुंदीची बादली खाली ठेवली, ताठ उभे राहिले आणि एवढ्या लोकांतून मोठ्यानं ओ दिली.