फौजी पहाट आणि चौकातला फळा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाबांनो, कारण सांगतोय ती गोष्ट मयताची आहे. मयत कुणाचं, ते पुढं कळेलच. पण घोळ माझा. शंभर टक्के माझा. त्यात मला कुणी वाटेकरी नको.

आमचे आबा गडहिंग्लजला राहतात. फौजेतून येऊन जमाना झाला, तरी पहाटे चारला उठतात आणि अंथरुणाची घडी अशी घालतात, की कोपऱ्याला कोपरा. मी त्यांचा एकुलता एक मुलगा, कोल्हापुरात असतो. मी आठला उठतो. सुट्टीदिवशी नऊला.

यावरून आबांनी मला कधी मारलं नाही की शिवी दिली नाही. नुसतं बघायचे. अहो, माझी पन्नाशी आली, ते बघणं काही संपलं नाही! मरायच्या आत एकदा तरी या माणसानं माझ्याकडं बघून पसंतीची मान हलवावी, एवढीच माझी इच्छा. यात हसण्यासारखं काही नाही.

तर गुरुवारी आबांचा फोन आला. "किती वाजता उठलास?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "चारला. हल्ली रोजच, आबा. एकदम मिल्ट्री शिस्त."

आबा म्हणाले, "रविवारी येतो. बघतो."

झालं! बायकोचं आजऱ्याला माहेरी जायचं ठरलेलंच होतं. "तुमचं तुम्ही निस्तरा," म्हणाली आणि गेली.

मी मोबाइलवर एका फौजी साहेबांचा व्हिडिओ बघितला. पहाटे गार पाण्यानं आंघोळ, आठपर्यंत चहा-नाष्टा बंद, तोवर मौन आणि केस बारीक. तीन गोष्टी पहाटेच्या होत्या. चौथीसाठी शनिवारी संध्याकाळी सलूनात गेलो. सलूनवाल्यानं डोक्यावर झिरो मशीन फिरवली आणि म्हणाला, "मिशी जरा सरळ करू का?" कर म्हटलं. डावी कमी झाली म्हणून त्यानं उजवी कापली. उजवी जास्तच गेली म्हणून पुन्हा डावी. असा न्याय करता करता दोन्ही बाजू संपल्या.

आता कोल्हापूरकराला सांगायला नको, पण बाहेरच्या पावण्यांसाठी सांगतो. आमच्याकडं माणूस डोकं आणि मिशी एकदम उतरवतो, ते आई नाहीतर बाप गेल्यावरच. माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली. मग राहिलं कोण?

हे मला सुचायला नको होतं का? होतं! पण माझा सगळा जीव गजरात अडकलेला. गजर ऐकूच आला नाही तर? या धास्तीनं मी रात्रभर डोळा मिटला नाही.

पहाटे अंगणातल्या नळाखाली बसलो. जानेवारीचं पाणी हो! ओरडायची सोय नाही, कारण मौन. दात वाजतायत, डोळ्यांतून धार लागलेली आणि तोंडातून नुसतं हुं, हुं.

शेजारचे आण्णा पहाटेच बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात, दर्शनाला जायला निघतात. जैन माणूस, सत्तरी ओलांडलेली, आबांचा जुना दोस्त. त्यांनी भिंतीवरून डोकावलं. मी वळून बघितलं. आण्णांची नजर आधी माझ्या डोक्यावर गेली, मग मिशीच्या जागेवर.

"दिलीप," ते हळूच म्हणाले, "अरं... आबा?"

मला वाटलं, विचारतायत, हे सगळं आबांसाठी काय? मी गंभीरपणे मान हलवली.

आण्णा आत आले. माझ्या ओल्या खांद्यावर हात ठेवला. "आमाला सांगायचं तरी हुतं की रं," म्हणाले. मी हात जोडले. म्हातारा डोळे पुसत बाहेर पडला. माझ्या शिस्तीनं हा माणूस इतका गहिवरला, हे बघून मलाच भरून आलं!

आता गल्लीनं जो हिशेब मांडला, तो चुकला कसा म्हणू? डोकं उतरवलंय, मिशी उतरवलीय. घरात चूल पेटलेली नाही. बायको दिसत नाही, म्हणजे गडहिंग्लजलाच मागं राहिली असणार. हा गडी रातोरात जाऊन माती करून आलाय, आणि दुःखानं वाचा बसलीय. बसला का नाही हिशेब?

मी पुढच्या सोप्यात चटई टाकून, पाठ ताठ करून बसलो. एकेक माणूस येऊन दोन्ही भिंतींना टेकून बसायला लागलं. पांढरे शर्ट, पांढऱ्या टोप्या, कुणी बोलेना. मला वाटलं, बघायला आलीत. आमच्याकडं रस्त्यात खड्डा काढायला लागले तरी बघायला माणसं जमतात, इथं तर अख्खा माणूस बदललेला!

आण्णांच्या घरच्या आक्का पिठलं-भाकरी घेऊन आल्या. "दोन घास खावा. जिवाला जपा," म्हणाल्या. मी मान नकारार्थी हलवली. नाष्टा आठनंतर, नियम म्हणजे नियम! आक्कांनी पदर डोळ्याला लावला.

आणि मग काय झालं, तर काहीच झालं नाही. मला झोप लागली. मांडी घातलेली, पाठ ताठ, आणि मी गाढ. इथून पुढचं आण्णांनी सांगितलेलं आहे.

मी घोरायला लागलो तेव्हा कुणीतरी म्हणालं, "रातभर जागा हाय बिचारा." मग सगळे आबांच्या आठवणी काढत बसले. इथं आले की आबा गल्लीतल्या पोरांना पहाटे मैदानावर पळायला न्यायचे, त्यातली दोन भरती झाली, असं बरंच काही. आण्णा तर मध्येच उठले आणि चौकात मंडळाच्या फळ्यावर खडूनं स्वतः लिहून आले. 'गडहिंग्लजचे माजी सैनिक हवालदार गणपतराव यांचे दुःखद निधन.'

तेवढ्यात पहिल्या एसटीनं आलेले आबा चौकात रिक्षातून उतरले. फळा वाचला. पिशवी उचलली आणि घराकडं चालायला लागले.

दारात आबा दिसताच सगळी सभा एकदम ताडकन उभी राहिली. आक्का "अगं बाई!" म्हणून होत्या तिथं मटकन बसल्या.

"फळा कुणी लिवलाय?" आबांनी विचारलं.

"मी," आण्णा कसेबसे म्हणाले.

"हवालदार लिवलंय. नायब सुभेदार हाय मी. फौज सोडताना बढती मिळालीया. दुरुस्त करा."

"व्हय, करतो," आण्णा म्हणाले, आणि मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. "म्हंजे... तुम्ही हायसा?"

"दिसत न्हाय व्हय?"

आण्णांनी त्यांना मिठीच मारली. आबांनी ती मारू दिली, हेच नवल. मग त्यांनी त्या दोन रांगांवरून नजर फिरवली. रविवारची सकाळ, आठच्या आत सगळे आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, ताठ उभे. आबांनी मान हलवली. पन्नास वर्षं मी जिची वाट बघतोय ती मान, सबंध गल्लीला मिळाली!

शेवटी ते माझ्यासमोर येऊन थांबले. तुळतुळीत डोकं, मिशी गायब, तोंड उघडं आणि घोरण्यानं चटई हलतेय. आण्णा मला हलवायला पुढं झाले. "ए दिलीप, ऊठ! आबा आल्यात!"

आबांनी त्यांचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे, आण्णा. मी खरंच जाईन तवा उठवा."