पायलीला चार शेर

ती घटना आठवली की आजही माझा आवाज चढतो. निजामाच्या पोलिसात मी तेव्हा अमीन होतो, म्हणजे ठाण्याचा मुख्य. ठाणं तेलगावच्या बाजूला होतं. नावं कुणाचीच घेत नाही, कारण त्यांची नातवंडं अजून त्याच शिवारात नांदतात.

सुगी संपत आली होती. सकाळची हजेरी चालू असताना एका बड्या जमीनदाराचा राखणदार खबर घेऊन आला. मालकाच्या राशीतून परवा दोन पोती ज्वारी चोरीला गेली, शेजारच्या शेतकरणीला ती नेताना आपण डोळ्यांनी पाहिलं, असं त्यानं सांगितलं. झडतीत तिच्या घरी दोन पोती निघाली. पंचांसमोर ठाण्याच्या पायलीनं मापली, चाळीस पायल्या भरल्या. मुद्देमाल ठाण्यात आला आणि बाईही आली. तिचा नवरा दम्यानं खाटेला खिळलेला. घरात वर्षभर खायचं म्हणून होतं ते तेवढंच.

जमीनदार स्वतः ठाण्यात येऊन बसला. "अमीनसाहेब, तिच्या मुरमाड तुकड्यात कुसळं पिकतात. दोन पोती कुठून आणली तिनं?" तो म्हणाला. त्या तुकड्यात एक बारमाही विहीर होती आणि त्याचा डोळा त्या विहिरीवर होता, हे मला नंतर कळलं.

मी जबानी घ्यायला बसलो. आमच्या खात्यात तेव्हा कबुलीजबाब काढणं म्हणजेच तपास. ती दिवसभर ओसरीवर बसून होती, पण अंगठा देईना.

"अंगठा तोडून न्या, मंग उठवा कागदावर," ती म्हणाली. "मी माझं पिकवलंय. चोरलं न्हाई."

"पुरावा काय?"

"त्याची ज्वारी आना आन् माझ्याशेजारी तोला. माझी मुरमाडाची हाय, उनात पोसलेली. त्याच्या पिकावर दाना भरताना चिकटा पडलता. दिसायला टपोरी, आतून पोचट."

मी शेतकऱ्याचाच पोरगा. चिकट्याच्या रोगानं दाणा हलका होतो हे मला कळायला हवं होतं. ते आरोपीनं सांगावं लागलं, याची आजही लाज वाटते. जमीनदार मात्र हसला. ज्वारी ती ज्वारी, म्हणाला. तराजू मी त्याच्यादेखतच मांडला.

गावोगावची पायली निराळी, म्हणून दोघांना ठाण्याचीच पायली लावली. तिची पायली तराजूत चार शेर भरली, अगदी काटा जागच्या जागी. मग जमीनदाराच्या राशीतून आणवलेलं धान्य त्याच्याच माणसानं भरलं. पायली भरताना त्यानं ती दोनदा जमिनीवर ठोकली. पावणेचार शेर.

"बघा, जवळपास सारखंच," जमीनदार म्हणाला.

"ठोकली ती," बाई म्हणाली. "ठोकल्यावर दाना बसतो. कुनाला शिकवता?"

मी पायली हातात घेतली. दाणा वीतभर उंचीवरून सोडायचा, पायली हलवायची नाही, वरची शीग फळीनं सपाट कापायची, असं ठरवून दोन्ही धान्यं पुन्हा भरली. तिची चार शेर. त्याची साडेतीन. तीनदा केलं, तीनदा तेच.

मी राखणदाराकडे वळलो. "तुझ्या मालकाची ज्वारी चोरीला गेल्यावर जड कशी झाली बे?"

त्यानं मालकाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "मालक म्हन्ले तसं बोललो, सरकार. म्या काई पाह्यलं न्हाई."

तहसीलातून निरोप आला, प्रकरण संशयास्पद म्हणून मिटवा. मी बाईला घरी सोडलं, पंचनामा उर्दूत जसाच्या तसा लिहिला, प्रत्येक वजनासकट, आणि खोटी फिर्याद दिली म्हणून जमीनदारावरच कागद वर पाठवला. पुढं माझी बदली झाली. झाली तर झाली.

पण ही माझ्या शहाणपणाची गोष्ट नाही. दोन आठवड्यांनी बाई पोती न्यायला आली. मी पावती पुढं केली. ती म्हणाली, "आधी मापा."

"अगं, ठाण्यात होती पोती."

"म्हनूनच म्हनते."

ती त्याच पायलीनं स्वतः मापू लागली. पहिल्या पायलीला एक म्हणायचं नसतं, म्हणून 'लाभ' म्हणाली. मग दोन, तीन. मोजणी सदतिसावर संपली.

हवालदार पुढं झाला. "उंदरांनी खाल्ली असंल."

"उंदीर पोत्याला भोक पाडतो," ती म्हणाली. "गाठ सोडून परत बांधत न्हाई."

माझ्या जवानांनी मुद्देमालाच्या भाकरी खाल्ल्या होत्या. मी सगळ्यांदेखत रोजनामच्यात, म्हणजे ठाण्याच्या नोंदवहीत, तसं लिहिलं आणि माझ्या घरून तीन पायल्या ज्वारी आणवून तिच्या पोत्यात ओतू लागलो. तिनं माझा हात धरला. अमीनाचा हात.

"तोला."

माझी पायली पावणेचार शेर भरली.

"माझे बारा शेर गेले, साहेब. ही तीन पायल्यांची सव्वाअकरा होत्यात. पाऊन शेर आनखी घाला."

मी घातला. नोकरीत पुढं कित्येक साहेबांपुढं मी ताठ उभा राहिलो आणि लोक त्याला माझा स्वभाव म्हणत. तो मी तिच्याकडून घेतला होता. गुन्हेगार ओळखायला खातं शिकवतं. आपल्याच ठाण्याला तराजूत घालायला मला एका मुलजिम, म्हणजे आरोपी, बाईनं शिकवलं, आणि काटा स्थिर होईपर्यंत तिनं माझा हात सोडला नव्हता.